जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण

"तुमची गाडी हिरव्या चाफ्यावर उभी आहे," त्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

मी भाजीची पिशवी घेऊन पार्किंगमधून लिफ्टकडे निघाले होते. बाई सत्तरीच्या पुढच्या, फिक्या सुती साडीतल्या, सोबत फोनमध्ये डोकं घातलेला नातू. "मी इथे राहायचे, दोन मिनिटं बघून जाते," असं वॉचमनकाकांना सांगून आत आल्या होत्या. आमची इमारत एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या जागेवर उभी आहे, त्यामुळे जुनी माणसं अशी अधूनमधून येतात. बहुतेक जण मान वर करून मजले मोजतात, आपली गच्ची कुठवर आली असती याचा अंदाज घेतात, भाव विचारतात आणि जातात. या बाईंनी वर पाहिलंच नाही. मागची दगडी भिंत तेवढी जुनी राहिली आहे, तिच्यापासून पावलं धरून त्या खाली बघत चालत होत्या. इथे नळ. नळाच्या सांडपाण्यावर कर्दळ आणि अळू. अळूच्या पुढे हौद, हौदाला लागून बकुळ. बकुळीखाली सासूबाई वाळवणं घालू द्यायच्या नाहीत, पक्षी घाण करतात म्हणून. मग जनरेटरला वळसा घालून त्या माझ्या गाडीपाशी आल्या आणि थांबल्या. नातू म्हणाला, "आजी, चल ना." त्यांनी मला विचारलं, "हिरवा चाफा माहितीये का तुम्हाला?" म्हटलं, हो. "मग ठीक आहे," असं म्हणून त्या निघून गेल्या.

त्यात ठीक काय होतं, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

हिरवा चाफा ज्यांनी पाहिलाय त्यांनाही तो पाहिला असं म्हणणं अवघड आहे. पाकळ्या पानांच्याच रंगाच्या, पानांतच लपलेल्या, त्यामुळे कळीपासून फुलापर्यंतचा सगळा प्रवास कुणाच्या नजरेत न येता होतो. फूल पिकून पिवळसर व्हायला लागलं की संध्याकाळी वास सुटतो, तोही फुलाचा वाटत नाही, कुठेतरी फळांची पाटी उघडून ठेवल्यासारखा गोड, जड. मग शोधाशोध. फांदी खाली ओढायची, पानं उलटी करायची, नाक पुढे आणि डोळे मागे. देठाला आकडी असते. तिनेच ही वेल दुसऱ्या झाडांना धरून वर चढते आणि तीच शोधणाऱ्याच्या बाहीत अडकते. शाळेतल्या मैत्रिणीच्या वाड्यात हिरवा चाफा होता. तिची आत्या सापडलेलं फूल पाण्याच्या पेल्यात टाकून देवघरात ठेवायची आणि दोन खोल्या पलीकडे गणितं सोडवताना तो वास वहीपर्यंत यायचा. असं झाड घरात असणं म्हणजे काय, हे ते नसताना कुणाला सांगणार? आणि ते गेलं, हे तरी ज्याने कधी हुंगलंच नाही त्याला कसं कळणार?

आमच्या सोसायटीच्या कपाटात बिल्डरने दिलेली एक जाड फाइल आहे. बाई गेल्यावर मी ती मागून घेतली. त्यात झाडांचीही कागदपत्रं होती. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. 2021 मध्ये त्यात बदल झाला, तेव्हापासून जेवढं झाडाचं वय तेवढी नवी रोपं लावायची आणि 50 वर्षांपुढचं झाड असेल तर ते हेरिटेज वृक्ष, त्याची प्रक्रिया आणखी कडक. बकुळीचं वय 40 धरलं होतं. सासूबाईंच्या अमदानीतली बकुळ 40चीच कशी भरली, ते विचारायला आता कुणी नाही. 40 रोपं कुठल्याशा टेकडीवर लावल्याचे फोटो जोडलेले होते. प्रत्येक रोपाशेजारी एक माणूस, हात मागे बांधून. आंबा होता, नारळ होते, एक रामफळ होतं. हिरवा चाफा कुठल्याच यादीत नव्हता. वेलीझुडपांची नोंद कोण करतो? कर्दळ, अळू, जुई, अबोली, गुलबाक्षी हे सगळं साफसफाईत धरलं जातं. वाईट एवढंच वाटलं की फाइल नीट होती. कुणी काही लबाडी केली असती तर निदान चिडता आलं असतं.

आणि चिडायला मी कोण? या फ्लॅटमध्ये सांगलीच्या घराचे पैसे आहेत.

सांगलीचं घर गावभागाच्या कडेला, साडेचार गुंठ्यांत. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, कृष्णेचं पाणी कुठवर येतं ते त्यांना नकाशावर बोट ठेवून सांगता यायचं, तरीही त्यांनी तो प्लॉट घेतला. स्वस्त होता, आणि माती. नदीकाठच्या मळीच्या मातीवर आमच्याकडच्या लोकांचा फार जीव. कृष्णाकाठच्या वांग्याची चव त्या मातीची, असं प्रत्येक जण पहिल्या घासाला म्हणतो. घर अण्णांनी बांधलं. बाग आईची. ती कोकणातली, लांज्याकडची, तिला काळ्या मातीचा आधी रागच होता. पावसात चपलेला दोन किलो चिकटते, उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो, जाईजुईला निचरा मिळत नाही. मग तिने वर्षानुवर्षं त्या मातीत काय काय मिसळलं: विटांचा चुरा, नारळाच्या शेंड्या, शेजारच्या गोठ्यातलं शेण, चहाचा चोथा, अण्णांच्या फाटक्या बनियनसुद्धा. शेवटीशेवटी फाटकापासून विहिरीपर्यंतची माती हाताला वेगळी लागायची. अर्थात हे तिलाच समजायचं. आम्हाला सगळीकडे चिखलच दिसायचा.

तिच्या बागेला आखणी अशी नव्हती. पुण्यातल्या बंगल्यांच्या बागा मी नंतर पाहिल्या, एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे गुलाब पाहिले. तसलं काही तिच्याकडे नव्हतं. जे मिळेल ते, जिथे जागा दिसेल तिथे. पेरू, नारळ, कडीपत्ता, लिंबू, पपया, एक उंच वाढून बसलेला सोनचाफा, ज्याची फुलं काढायला बांबूला आकडी बांधावी लागे. कुंपणाला जास्वंद आणि कण्हेर. हरतालिकेच्या पहाटे मात्र ही अव्यवस्था गल्लीला पुरून उरायची. आघाडा, माका, दूर्वा, डाळिंब, जाई, मरवा, शमी, कण्हेर, बेल, विष्णुक्रांत. बायका ओल्या केसांनी परड्या घेऊन यायच्या आणि आई कंदील हातात धरून, हो, लाइट असतानाही कंदील, एकेकीला पत्री तोडून द्यायची. स्वतः तोडू द्यायची नाही. "तुम्ही ओरबाडता." एरवीही पहाटे पिशव्या घेऊन फिरायला जाणारे सभ्य लोक कुंपणावरून जास्वंदी लांबवायचे, त्यांच्याशी तिचं कायमचं वैर होतं. एकदा तिने एका निवृत्त शिक्षकांना पकडलं, तर ते म्हणाले, "देवालाच वाहतोय ना!" आई म्हणाली, "मग देवाला सांगा, चोरीची आहेत." पुढे महिनाभर ते दुसऱ्या गल्लीने फिरायला जात होते.

सोनचाफा 2019 मध्ये गेला. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि धोक्याची पातळी 45. 2005 चा पूर पाहिलेल्यांना वाटलं होतं की त्यापेक्षा जास्त काय येणार. आई आणि अण्णा आमच्याकडे पुण्याला होते. ओसरल्यावर गेलो तर घरातला वास शब्दांत पकडण्यासारखा नव्हता, आणि बागेत सगळीकडे एकसारखा करडा गाळ, पानांवर, कुंपणावर, विहिरीच्या कठड्यावर. पपया आडव्या. पपईच्या मुळांना दोन दिवसही पाणी सोसत नाही. लिंबू आणि कडीपत्ता आठवडाभरात गळाले. सोनचाफा दसऱ्यापर्यंत हिरवा दिसत होता, मग एकदम सगळी पानं पिवळी पडली. पेरू मात्र काहीच झालं नाही अशा थाटात उभा. आई घमेल्याने गाळ उपसत होती आणि मधेच थांबून तो चिमटीत घेऊन चोळून बघत होती. म्हणाली, "माती चांगली आलीय." अण्णा हे ऐकून आत निघून गेले. घर विकायचं त्यांच्या मनाने बहुतेक तिथेच घेतलं. पण विकायची वेळ येईपर्यंत ते राहिले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले, 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि आई एकटी तिथे राहू शकणार नाही, हे तिच्यासकट सगळ्यांना मान्य झालं.

खरेदीखत जानेवारीत झालं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बाकावर बसून वकिलांनी मसुदा वाचून दाखवला. चतुःसीमा झाल्या, पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता. मग ते नेहमीचं कलम: सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेप व तदंगभूत वस्तूंसह. एका दमात, लग्नातली मंगलाष्टकं म्हणावीत तशा चालीवर. आईने थांबवलं. "निधी म्हणजे?" वकील हसले. जमिनीत पुरलेलं धनबिन निघालं तर तेही खरेदीदाराचं, असा अर्थ. तसा 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, पण खतात लिहायची रीत आहे, चालत आलंय. आई जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे भुईचाफा त्यांचाच."

भुईचाफ्याचं सांगायला हवं. आईने तो लग्नानंतर माहेराहून पदरात बांधून आणला होता, आल्यासारखे दिसणारे चार गड्डे. विहिरीच्या बाजूला, कठड्याच्या सावलीत तिने तो लावला. दिवाळीनंतर पानं वाळून झडून जातात आणि तिथे काहीही उरत नाही. कुदळ मारावी अशी मोकळी, भुसभुशीत जागा. तीन-चार महिने तशीच. मग चैत्र-वैशाखात, सगळं होरपळत असताना, पान नाही, खोड नाही, थेट मातीतून फूल वर येतं, पांढरं आणि एका पाकळीला जांभळा ओघळ, इतकं खाली की हुंगायला जमिनीवर ओणवं व्हावं लागतं. वासाला कापराची थंड कड. सकाळी उमलतं, उन्हं चढली की मलूल, दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं. पानं येतात ती पाऊस पडल्यावर, पाठीमागून वांगी रंगाची. म्हणजे फूल पाहणाऱ्याला पान दिसत नाही आणि पान पाहणाऱ्याला हे कशाचं ते कळत नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात पाहुणी आलेली मुलं अंगणात धावायला लागली की आई विहिरीकडच्या बाजूला झाडू आडवा टाकून ठेवायची.

घर ताब्यात देताना तिने नव्या मालकांना सगळं फिरून दाखवलं. औषधांचं दुकान चालवणारं तरुण जोडपं, बोलायला अतिशय अदबशीर, सारखं काकू काकू करणारं. पेरूला कधी पाणी कमी करायचं, नारळाच्या भुंग्याला काय घालायचं, विहिरीची मोटर कुठे अडते. विहिरीपाशी आल्यावर ती त्या मोकळ्या मातीकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे काही लावू नका हं. इथे आहे." त्याने मान डोलावली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याने अगदी मनापासून त्या जागेकडे पाहिलं आणि त्याला रिकामी जमीन दिसली. जानेवारीत दुसरं काय दिसणार?

मार्चमध्ये तिथे पेव्हर ब्लॉक बसले. त्यांची गाडी लांब आहे, वळवायला जागा लागते.

हे मला कसं कळलं, तर त्या मुलीनेच फोटो पाठवले. घर रंगवलं, ते काकूंना दाखवावं म्हणून. मी आईला दाखवले. तिने फोन लांब धरून बघितला, रंग चांगला आहे म्हणाली, आणि पुढे सरकवत सरकवत पेरूपर्यंत आली. पेरू ठेवला होता त्यांनी. नुसता ठेवला नव्हता, कुणा जाणकाराकडून छाटून घेतला होता. अण्णांना फांदीला कात्री लावलेली खपायची नाही, त्यामुळे आमचा पेरू आपला वर वर गेला, फळं शेंड्याला आणि ती पोपटांची. पेरूला फळ नव्या फुटव्यावर धरतं, छाटला की तो खालून भरून येतो, हे आईला पुस्तकातून माहीत होतं, पण अण्णांपुढे तिने ते कधी चालवलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या मुलीने टोपलीभर पेरूंचा फोटो पाठवला. "काकू, पाठवू का थोडे पुण्याला? यंदा खूप लागलेत." टोपलीतले पेरू मुठीपेक्षा मोठे. आई कितीतरी वेळ ते बघत होती. मी वाट बघत होते की आता डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "छाटणी बरोबर महिन्यात केलेली दिसतेय," आणि तिचा आवाज इतका तुसडा होता की मला हसू आलं. झाडं तोडली असती तर तिला ते सोसलं असतं, त्याची तिने तयारी केली होती. आपल्याशिवाय ते झाड अधिक चांगलं चाललंय, याची नव्हती केली. तिने ते पेरू मागवले नाहीत. मला मागवायचे होते.

लोक म्हणतात, फांद्या न्यायच्या, कुंडीत लावायच्या. नेल्या ना. जुईचं दाब कलम केलं, जास्वंदीच्या काड्या रुजवल्या, गुलबाक्षीचं बी पुडीत बांधलं. ते सगळं माझ्या बाल्कनीत आहे आणि बरं चाललंय. पण जुई म्हणजे बाग नव्हे, जास्वंद म्हणजेही नव्हे. आईला अंधारात नळापासून तुळशीपर्यंत चालता यायचं, कुठल्या दगडाखाली गोम असते ते माहीत असायचं, पाऊस लांबला तर कुठली कुंडी आधी मान टाकेल ते ती अंथरुणातून सांगायची, आणि काही नसलेल्या जागी काय आहे तेही. हे खतात लिहून देता येत नाही, आणि तिने तोंडी दिलं तेव्हा घेणाऱ्याला घेता आलं नाही. यात त्याचा दोष मला अजूनही सापडत नाही. आम्हीच तर इथे आल्यावर पहिल्यांदा बघितलं ते पार्किंग कव्हर्ड आहे का.

त्या बाईंचं "मग ठीक आहे" मी आईला सांगितलं, तेव्हा तिने कणीक मळता मळता विचारलं, "कुठल्या भिंतीला होता म्हणाल्या?" पश्चिमेच्या. "बरोबर. दुपारचं ऊन लागतं त्याला." तिच्या दृष्टीने विषय संपला. मला वाटतं, ठीक ते एवढंच असेल. गाडी ठेवणारीला निदान कशावर ठेवतोय ते कळलं. सांत्वन म्हणून हे फारच थोडं आहे, पण बाईंनी त्यापेक्षा जास्त मागितलंही नव्हतं.

आमच्या सोसायटीलाही बाग आहे, माहितीपत्रकात तिला पोडियम गार्डन म्हटलं होतं. खाली दोन मजली पार्किंग, त्यावर स्लॅब, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग आणि त्यावर जेमतेम दीड-दोन फूट लाल माती. मुळाला खाली जायला वाव नाही, म्हणून लॉन, एरिका पाम आणि कातरून गोल केलेली तगर. मी मीटिंगमध्ये मागच्या भिंतीलगत, जिथे खरी जमीन शिल्लक आहे, तिथे एक हिरवा चाफा लावू या असं सुचवून पाहिलं. वेल चढेल, ड्रेनेजच्या चेंबरला मुळं जातील, साप येतील, आणि ती पट्टी अग्निशमनच्या गाडीसाठी मोकळी ठेवायची असते. शेवटचा मुद्दा खरा होता, त्यामुळे बाकीच्यांवर वाद घालता आला नाही.

आईने बाल्कनीत कधीच रस घेतला नाही. कुंडीतल्या झाडाला काय, पाणी घातलं की झालं, असं तिचं मत. ती खाली जाते. सोसायटीचा माळी बीडकडचा आहे, घरी कोरडवाहू शेती, फुलझाडांत त्याला फारसं गम्य नाही, पण आईचं ऐकून घेतो. पहिल्यांदा तिने त्याला तगरीच्या कळ्या कापण्यावरून झापलं. मग लॉनच्या कडेची माती खराट्याच्या काडीने उकरून बघितली आणि नापास केली. गेल्या महिन्यात सेक्रेटरींच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या दोन बादल्या रोज कुठेतरी जातात, आणि क्लब हाउसच्या मागे, कुणी जात नाही त्या कोपऱ्यात, पामच्या आडोशाला अळू आलंय. चांगलं टोपलीएवढ्या पानांचं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींनी वडीसाठी नेलंही. माळी म्हणतो, "आज्जीनी सांगितलं." आज्जी म्हणतात, अळू काय, पाणी दिसलं की येतंच.

रविवारी कमिटीची बैठक आहे. विषयपत्रिकेत पाच नंबरला आहे: "सामायिक बागेत सभासदांच्या नातेवाइकांनी परस्पर केलेल्या लागवडीबाबत." आईने वाचून झाल्यावर विचारलं, मीटिंगला वड्या नेल्या तर चालतील का.